मनुष्येतर वंशांची किंमत: टेबलटॉप रोलप्लेइंग खेळांतील वंशरचनेची पार्श्वभूमी

टेबलटॉप रोलप्लेइंग खेळासाठी, म्हणजे टेबलाभोवती बसून प्रत्येकाने एकेका काल्पनिक पात्राची भूमिका वठवायच्या खेळासाठी, नवा वंश रचायला बसलेल्या प्रत्येकाला एक प्रश्न सोडवावा लागतो. माणसाकडे नसलेली जी शक्ती आपण या वंशाला देतो आहोत, तिची भरपाई खेळाडूकडून कशी करून घ्यायची? हा प्रश्न या खेळाइतकाच जुना आहे.

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांच्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या 1974 सालच्या पहिल्या आवृत्तीत माणसाखेरीज ड्वार्फ (बुटके, काटक लोक), एल्फ (जादूशी जवळीक असलेले लोक) आणि हॉबिट (टोल्किन या इंग्रजी लेखकाच्या कथांतले ठेंगणे लोक) हे वंश होते. टोल्किनच्या साहित्याचे हक्क असलेल्यांनी हरकत घेतल्यावर हॉबिटचे नाव बदलून हाफलिंग झाले. ड्वार्फला जादूचा उपद्रव कमी होई आणि भूमिगत वाटांमधले सापळे, उतार व सरकत्या भिंती त्याच्या चटकन लक्षात येत. मात्र तो फक्त योद्धाच होऊ शके आणि सहाव्या पातळीवर, म्हणजे पात्राच्या प्रगतीच्या सहाव्या पायरीवर, थांबे. हॉबिटची मर्यादा चौथ्या पातळीची होती, तर माणसाला अशी मर्यादाच नव्हती. खेळातले जग माणसांचेच राहावे, अशी गायगॅक्स यांची ठाम भूमिका होती आणि हे नियम तिच्यातूनच आले होते.

याच खेळाच्या 1978 सालच्या ‘प्लेअर्स हँडबुक’ या नियमपुस्तकात ही व्यवस्था सविस्तर तक्त्यांत मांडली गेली. त्यातला हाफ-ऑर्क, म्हणजे माणूस आणि ऑर्क या राक्षसी वंशाचा संकर, मुद्दाम पाहण्यासारखा आहे. पात्राच्या ताकद, बुद्धी अशा गुणांना आकडे दिलेले असत; त्याची ताकद आणि काटकपणा एकेकाने वाढे, व्यक्तिमत्त्वाचा प्रभाव दोनाने घटे. योद्धा म्हणून तो दहाव्या पातळीपर्यंत आणि चोर म्हणून आठव्या पातळीपर्यंतच जाई. अमर्याद प्रगतीची वाट त्याला एकाच पेशात मोकळी होती, ती म्हणजे मारेकऱ्याची. एखाद्या वंशात जन्मलेल्याने कसे जगायचे, हे तक्ताच ठरवून टाकत होता.

या रचनेतला मूळ दोष मला हिशेबाचा वाटतो. फायदा पहिल्या दिवसापासून मिळे आणि किंमत पुष्कळ उशिरा द्यावी लागे. खेळ त्या पातळीपर्यंत पोहोचलाच नाही, तर फायदा फुकटात पडे. पोहोचला, तर वर्षानुवर्षे जपलेले पात्र एका जागी अडकून बसे आणि सोबतचे माणूस खेळाडू पुढे निघून जात.

2000 साली आलेल्या तिसऱ्या आवृत्तीने ही मर्यादा काढून टाकली, कोणत्याही वंशाला कोणताही पेशा खुला केला आणि माणसालाच एक जादा कौशल्यवैशिष्ट्य (पात्राची खास क्षमता) देऊन आकर्षक बनवले. किंमत आता गुणांमधूनच वसूल होऊ लागली: हाफ-ऑर्कची ताकद दोनाने वाढे, पण बुद्धी आणि प्रभाव दोन-दोनाने घटत. त्यामुळे हाफ-ऑर्क जादूगार नियमाने शक्य असला, तरी हिशेबाने तोट्यातच राहिला. 2008 सालच्या चौथ्या आवृत्तीने वंशांमुळे होणारी गुणांची घट रद्द केली.

एखादा अख्खा वंश जन्मतःच मंद किंवा दुष्ट दाखवणे खऱ्याखुऱ्या वर्णद्वेषी समजुतींचा प्रतिध्वनी आहे, ही टीका तोवर बरीच जुनी झाली होती. 2020 साली प्रकाशकांनी तिची जाहीर दखल घेतली आणि त्याच वर्षी वंशामुळे मिळणारी गुणांची वाढ, म्हणजे बोनस, हव्या त्या गुणाला लावण्याची मुभा दिली. 2024 सालच्या ‘प्लेअर्स हँडबुक’मध्ये ते बोनस वंशाकडून काढून पात्राच्या पूर्वायुष्याकडे सोपवले गेले. हाफ-ऑर्क आणि हाफ-एल्फ वगळले गेले, ऑर्क मात्र त्यात खेळायच्या वंशांमध्ये घेतला गेला.

‘पाथफाइंडर’ या याच धर्तीच्या दुसऱ्या खेळाच्या 2019 सालच्या दुसऱ्या आवृत्तीने वेगळी वाट धरली आणि मला ती अधिक विचारपूर्वक वाटते. तिथे वंशाची वैशिष्ट्ये एकदाच मिळून संपत नाहीत. पहिल्या, पाचव्या, नवव्या, तेराव्या आणि सतराव्या पातळीवर खेळाडू त्यातले एकेक स्वतः निवडतो. फायदा आणि त्याची किंमत यांच्यातले अंतर त्यामुळे मिटते, आणि एकाच वंशाची दोन पात्रे दहाव्या पातळीपर्यंत एकमेकांहून स्पष्ट वेगळी झालेली असतात.