होंडा सीबी ७५० फोर: इंजिन बांधल्यानंतरची पहिली किक आणि ट्यूनिंग

ग्राहकांसाठी माहितीपत्रक

हे पत्रक १९६९ पासून निघालेल्या, एकाच कॅमशाफ्टच्या (झडपा उघडणाऱ्या दांड्याच्या) चार सिलिंडरच्या सीबी ७५० मोटरसायकलसाठी आहे. १९७९ च्या दोन कॅमवाल्या मॉडेलला यातले आकडे लावू नका. १९७७-७८ च्या गाड्यांचे कार्ब्युरेटरही वेगळे आहेत, त्यांच्यासाठी आम्हाला विचारा.

नव्याने बांधलेली गाडी सुरू झाली नाही की हात पहिल्यांदा कार्ब्युरेटरकडे जातो. तिथेच घोळ सुरू होतो. टॅपेट (झडपांची फट), पॉइंट (ठिणगी पाडणारा स्विच), टायमिंग (ठिणगीची वेळ) आणि सर्वांत शेवटी कार्ब्युरेटर हा क्रम मोडला, तर पुढच्या प्रत्येक टप्प्यावर मागची चूक झाकली जाते आणि दोन दिवस स्क्रू फिरवूनही इंजिन एकसुरी चालत नाही.

किकच्या आधी: बॅटरी आणि ऑइल

या गाडीत मॅग्नेटो नाही. किक मारली तरी ठिणगीची वीज बॅटरीतूनच येते. अल्टरनेटरच्या फील्ड कॉइललाही बॅटरीच लागते, म्हणून बॅटरी पार मेलेली असेल तर ढकलूनही उपयोग नाही. १२ व्होल्ट, १४ अँपिअर-अवरची चांगली बॅटरी पूर्ण चार्ज करून लावा. चावी विनाकारण ऑन ठेवू नका: पॉइंट मिटलेल्या जागी इंजिन थांबलेले असेल, तर कॉइल तापते आणि पॉइंट जळतात.

ऑइल इंजिनाखाली नाही, उजव्या बाजूच्या टाकीत असते. पूर्ण कोरड्या इंजिनाला ३.५ लिटर लागते. १०डब्ल्यू-४० घ्या, डब्यावर ‘जासो एमए’ (ऑइलमध्ये बुडणाऱ्या क्लचसाठीचे प्रमाण) असलेलेच. क्लच याच ऑइलमध्ये बुडतो आणि मोटारीच्या काही ऑइलमधली घसरण वाढवणारी रसायने त्याला घसरवतात. डिपस्टिक पुसून नुसती टेकवून माप घ्या, आटे फिरवून नव्हे. गाडी बरेच दिवस उभी असली तर टाकीतले ऑइल झिरपत खाली इंजिनात उतरते आणि टाकी रिकामी दिसते. लगेच भर घालू नका. आधी दोन-तीन मिनिटे इंजिन चालवा आणि मग मापा. नाहीतर ऑइल जास्त होऊन ब्रीदरमधून (इंजिनातली हवा सोडणाऱ्या नळीतून) बाहेर येते.

फिल्टर बदलताना मागची स्प्रिंग आणि वायसर जुन्या फिल्टरला चिकटून कचऱ्यात जातात. हे वारंवार होते, तेव्हा हाताने चाचपून पाहा. जुनी ओ-रिंग खोबणीत राहून तिच्यावर नवी बसली तर गळती ठरलेलीच. फिल्टरच्या मधल्या बोल्टचे १२ मिमीचे डोके चटकन गोल होते. तिथे सहाकोनी सॉकेटच वापरा.

मग चारही प्लग काढा, चावी बंद ठेवा आणि १५-२० किका मारा. प्लग नसल्यामुळे पाय हलका पडतो आणि ऑइल फिरायला लागते. कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) मापायचे असेल तर थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवा. कार्ब्युरेटरची स्लाइड (थ्रॉटलने वर उचलली जाणारी झडप) बंद असताना सिलिंडरला हवाच मिळत नाही, आकडा कमी येतो आणि चांगल्या रिंगवर उगाच आळ येतो. नीट बसलेल्या इंजिनाचा आकडा सुमारे १२ किलो प्रति चौ. सेंमी, नव्या रिंगवर तो सुरुवातीला कमी दिसेल.

टॅपेट

इंजिन पूर्ण गार हवे. मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली दुपारी मोजलेले माप आम्ही धरत नाही, सकाळी मोजा. फट इंटेकच्या (आत घेणाऱ्या) झडपेची ०.०५ मिमी, एक्झॉस्टच्या (बाहेर सोडणाऱ्या) झडपेची ०.०८ मिमी.

उजवीकडचे पॉइंटचे झाकण काढा आणि तिथल्या मोठ्या षटकोनी वायसरला पाना लावून इंजिन घड्याळाच्या दिशेने फिरवा. मधल्या छोट्या बोल्टला पाना लावू नका, तो तुटतो. ‘टी १.४’ ची खूण जुळली की १ नंबरचे, म्हणजे बसल्यावर डाव्या हाताकडच्या टोकाच्या सिलिंडरचे, दोन्ही टॅपेट सैल लागतात का ते पाहा. लागले तर या जागेवर १ चे दोन्ही, २ चा एक्झॉस्ट आणि ३ चा इंटेक करा. एक पूर्ण फेरा देऊन तीच खूण पुन्हा जुळवा आणि ४ चे दोन्ही, २ चा इंटेक, ३ चा एक्झॉस्ट उरका. झाकणे नीट आवळा. एक्झॉस्टकडची सैल होऊन रस्त्यात पडतात.

पॉइंट आणि टायमिंग

आधी गॅप, मग टायमिंग. गॅप बदलली की टायमिंग सरकते, म्हणून उलट क्रमाने केलेले काम वाया जाते. गॅप ०.३ ते ०.४ मिमी, आम्ही ०.३५ ठेवतो. डावा पॉइंट (निळी वायर) १ आणि ४ चा, उजवा (पिवळी वायर) २ आणि ३ चा.

टायमिंगला १२ व्होल्टचा साधा बल्ब पुरतो. एक टोक डाव्या पॉइंटच्या वायरला, दुसरे इंजिनाच्या धातूला. चावी ऑन करून इंजिन सावकाश फिरवा, ‘एफ १.४’ ची रेघ खुणेवर येताच बल्ब पेटला पाहिजे, कारण त्याच क्षणी पॉइंट उघडतो. नसेल तर मोठी प्लेट सरकवा. त्यानंतर ‘एफ २.३’ वर उजवा पॉइंट त्याच्या छोट्या प्लेटने जुळवा. आता मोठ्या प्लेटला हात लावला तर १-४ परत बिघडते.

पॉइंटची टाच झिजत जाते तशी गॅप कमी होते आणि ठिणगी उशिरा पडते. पॉइंटच्या कॅमला टेकलेल्या फेल्टवर (नमद्यावर) ग्रीसचा एक टिपूस असू द्या.

किक कशी मारावी

बुलेटवाल्यांची सवय इथे सोडावी लागते. अँपिअर मीटरचा काटा, डीकॉम्प्रेसर (किकसाठी दाब सोडणारा खटका), पिस्टन शोधणे, यातले काही नाही. १-४ एकत्र वर जातात तेव्हा २-३ खाली असतात आणि दर अर्ध्या फेऱ्याला कुठला ना कुठला सिलिंडर दाबावर येतो.

न्यूट्रल, पेट्रोल कॉक चालू, उजव्या हँडलवरचा किल स्विच चालू, चोक लावलेला, थ्रॉटल बंद. किक आधी हलकेच दाबून दात लागू द्या आणि मग वरपासून खालपर्यंत एकच लांब किक. अर्धवट ठोसे मारू नका, किकचे दात खराब होतात. सहा-सात किकांत पकडली नाही तर थांबा आणि प्लग काढून बघा. ओले असतील तर पेट्रोल पोचते आहे, ठिणगीकडे पाहा. कोरडे असतील तर कॉक आणि फ्लोट (कार्ब्युरेटरच्या वाटीतले पेट्रोलची पातळी राखणारे तरंगते) पाहा. किक उलट पायावर आली तर टायमिंग फार पुढे आहे. दुसरी किक न मारता बल्ब पुन्हा लावा.

एक पाइप गार की जोडी गार?

इंजिन सुरू झाले पण अडखळते, तेव्हा लगेच चारही एक्झॉस्ट पाइपांवर पाण्याचे थेंब टाका. १ आणि ४ दोन्ही गार असतील तर डावा पॉइंट, त्याचा कंडेन्सर किंवा कॉइल. २ आणि ३ गार असतील तर उजवी बाजू. एका कॉइलवर दोन प्लग असल्यामुळे बिघाड जोडीनेच येतो. एकच पाइप गार असेल तर त्या सिलिंडरचा प्लग, प्लगची कॅप किंवा कार्ब्युरेटरमधला तुंबलेला स्लो जेट (स्लोवर पेट्रोल देणारे बारीक छिद्र).

१ आणि ४ च्या प्लग वायरी एकमेकींत बदलल्या तरी फरक पडत नाही, दोन्हींना ठिणगी एकदमच मिळते. १ ची २ ला लागली तर मात्र फटाके. निळी-पिवळी उलटी जोडली तर गाडी सुरूच होणार नाही.

कार्ब्युरेटर

फ्लोटची उंची २६ मिमी. नीडलमधली बारीक स्प्रिंग दबणार नाही अशा तिरप्या स्थितीत मापा. एअर स्क्रू पूर्ण आत घेऊन (आवळू नका) एक फेरा बाहेर. आत घेतला की मिश्रणात पेट्रोल वाढते. वाटीतली पितळी ओव्हरफ्लो नळी उभी चिरते, मग फ्लोट कितीही जुळवला तरी पेट्रोल टपकतच राहते. ई२० पेट्रोल भरून महिनाभर उभी करायची असेल तर वाट्या रिकाम्या करा. कॉक रोज बंद करा. ऑइलला पेट्रोलचा वास आला तर ते बदलल्याशिवाय इंजिन चालवू नका, बेअरिंग जातात.

चारही कार्ब्युरेटरांचा मेळ इंजिन गरम असताना, एअर फिल्टर लावलेला ठेवून, चार व्हॅक्यूम गेजवर बसवायचा. चारही काटे ३ सेंमी पाऱ्याच्या आत जवळ आले म्हणजे झाले. सुरुवातीच्या गाड्यांत चार वेगळ्या केबल आहेत, त्यांचा मेळ लवकर ढळतो. समोर पंखा ठेवा, जागेचे शटर उघडे ठेवा. स्लो (थ्रॉटल न देता चालण्याचा वेग) मिनिटाला सुमारे ९५० फेरे. थ्रॉटल सोडल्यावर फेरे वरच लटकत असतील तर इंटेकची कडक झालेली रबरे किंवा अ‍ॅडव्हान्सरच्या (वेगाप्रमाणे टायमिंग पुढे नेणाऱ्या भागाच्या) ताणलेल्या स्प्रिंग पाहा. स्लोचा स्क्रू कमी करून ते बरे होत नाही.

नवे इंजिन तासभर स्लोवर गुरगुरत ठेवू नका, रिंग बसत नाहीत. ५०० किमीला ऑइल, फिल्टर, टॅपेट आणि पॉइंट पुन्हा पाहायचे आहेत. गाडी आदल्या संध्याकाळी आणून ठेवा, म्हणजे सकाळी इंजिन गार मिळेल.