रेडिओसाठी कापलेलं कडवं

८ ऑक्टोबर १९६३. अमेरिकेच्या लुइझियाना राज्यातल्या श्रीव्हपोर्टमध्ये गायक सॅम कुक बायकोसह एका मोटेलवर उतरायला गेला. खोली आधीच राखून ठेवलेली. पण दारात कृष्णवर्णीय गायक दिसताच जागा नसल्याचं सांगण्यात आलं. कुक हटेना, आवाज चढला. अखेर सोबतच्यांनी त्याला तिथून कसंबसं बाहेर काढलं, पण शांतताभंगाच्या आरोपाखाली पोलिसांनी त्यालाच अटक केली.

बॉब डिलनचं ‘ब्लोइन इन द विंड’ ऐकल्यापासून एक सल त्याच्या मनात होतीच : आपल्या माणसांचं दुःख एका गोऱ्या पोरानं मांडलं, आपण का नाही? ३० जानेवारी १९६४ रोजी हॉलीवूडच्या आरसीए स्टुडिओत त्यानं ‘अ चेंज इज गॉना कम’ गायलं. रेने हॉलच्या संयोजनातली व्हायोलिनं आधी उसळतात, मग कुकचा आवाज येतो, नदीकाठच्या लहानशा तंबूत जन्मल्याचं सांगत. पुढे तो म्हणतो, जगणं कठीण झालंय, पण मरायचीही भीती वाटते. आभाळापलीकडे काय आहे, कुणास ठाऊक. कुक हा धर्मोपदेशकाचा मुलगा, ‘सोल स्टिरर्स’ या गायकसमूहाबरोबर वर्षानुवर्षं गॉस्पेल, म्हणजे ख्रिस्ती भक्तिगीतं, गायलेला. त्याच्या तोंडून स्वर्गाबद्दलची ही शंका ऐकताना मला दरवेळी गलबलून येतं.

मार्चमध्ये गाणं अल्बममध्ये आलं. २ जुलैला नागरी हक्क कायदा झाला आणि हॉटेलं, चित्रपटगृहं यांतल्या वर्णभेदाला बंदी आली. ११ डिसेंबरला लॉस एंजेलिसच्या एका मोटेलमध्ये गोळी लागून कुक गेला, अवघ्या ३३व्या वर्षी. त्यानंतर ११ दिवसांनी ‘शेक’ या तबकडीच्या मागच्या बाजूला हे गाणं निघालं, पण रेडिओसाठी एक कडवं कापून. सिनेमाला जावं, शहरात फिरावं, तर कुणीतरी सारखं हटकतं, इथं थांबू नकोस म्हणून : नेमकं हेच कडवं. श्रीव्हपोर्टचा अनुभव सर्वांत उघडपणे त्यातच होता. मला ही काटछाट अजूनही खटकते.

तरी गाणं पसरलं. १९६५मध्ये ओटिस रेडिंगनं ते गायलं, १९६७मध्ये अरीथा फ्रँकलिननं. तीही धर्मोपदेशकाचीच लेक. ४ नोव्हेंबर २००८च्या रात्री शिकागोत ओबामांच्या विजयी भाषणात या गाण्याच्या ध्रुवपदाचा स्पष्ट पडसाद होता.

२०१९मध्ये श्रीव्हपोर्टच्या महापौरांनी कुकच्या कुटुंबाची जाहीर माफी मागितली. ते महापौर स्वतः कृष्णवर्णीय होते.