आधी नाक, मग डोळे

बेळगाव-खानापूर पट्ट्यात घरातली जनावरं सहसा एकेकटी नसतात. दारात कुत्रा, चुलीपाशी मांजर, परड्यात कोंबड्या. त्यात हौसेनं मुधोळ कुत्र्याचं पिल्लू आणणारेही आहेत. नवं जनावर आलं की आपण पहिल्याच दिवशी त्याला जुन्यासमोर धरतो, ‘ओळख होऊ दे’ म्हणून. बिघडतं ते इथंच.

कुत्रं काय नि मांजर काय, आपलं-परकं ठरवतं ते वासावरून. मांजर कधी वरचा ओठ उचलून, तोंड अर्धवट उघडं ठेवून एकटक बसलेलं दिसतं. त्या वेळी ते टाळूच्या वर असलेल्या जेकबसनच्या अवयवाकडे वास पोचवत असतं. दाराच्या चौकटीला, आपल्या पोटरीला ते गाल घासतं, तेव्हा गालातल्या ग्रंथींचा स्राव तिथं लागतो. घरात दोन मांजरं असली तर हळूहळू दोघांचा मिळून एक वास तयार होतो. मग एकाला दवाखान्यात नेऊन आणलं की त्याच्या अंगाला स्पिरिटचा आणि परक्या कुत्र्यांचा वास येतो, आणि वर्षानुवर्षं सोबत झोपणारं दुसरं त्याच्यावर फिसकारतं. याला लोक उगाच ‘मत्सर’ म्हणतात. आलेल्याला दिवसभर वेगळ्या खोलीत ठेवावं, नंतर एकच फडकं आलटून पालटून दोघांच्या अंगावर फिरवावं; बहुतेकदा तेवढ्यानं भागतं.

नव्या पाहुण्यालाही हाच नियम. आधी वेगळी खोली, अंथरुणांची अदलाबदल, बंद दाराच्या दोन बाजूंना दोघांची जेवणं. नजरानजर सगळ्यांत शेवटी. याला काही दिवस लागतात, कधी काही आठवडेही.

मुधोळच्या बाबतीत ही ‘नजर’ फार महत्त्वाची. बागलकोट जिल्ह्यातल्या मुधोळ संस्थानात घोरपडे राजघराण्यानं जोपासलेली ही जात. २००५ मध्ये तिच्यावर टपाल तिकीटही निघालं. हा कुत्रा वासापेक्षा डोळ्यांवर शिकार करतो. समोर काही पळालं की पाय आपोआप सुटतात. मालक म्हणतो, ‘गुरगुरला नाही, चिडला नव्हता, मग मांजर धरलं कसं?’ पण शिकार आणि राग या वेगवेगळ्या गोष्टी आहेत. मांजरांच्या मेंदूवर झालेल्या प्रयोगांत दिसलं, की हायपोथॅलॅमस या मेंदूच्या तळाकडच्या केंद्राचा एक भाग उत्तेजित केला तर ते केस उभे करून फिसकारतं, आणि दुसरा केला तर आवाज न करता दबकत जाऊन उंदीर धरतं. कुत्र्याच्या बाबतीतही तेच ध्यानात ठेवावं: रोखलेली नजर आणि ताठ मान दिसली की गुरगुरण्याची वाट पाहू नये, साखळी आवरावी.

वयाचाही हिशेब आहे. मांजराच्या पिलाचे साधारण दुसऱ्या ते सातव्या आठवड्यातले आणि कुत्र्याच्या पिलाचे तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यातले दिवस दुसऱ्या जातीच्या प्राण्याला आपलं मानायला सर्वांत सोपे. तरीही घरच्या मांजराशी खेळणारा मुधोळ शेजारचं मांजर किंवा कोंबडी सोडेलच असं नाही.

मांजराला उंचावर सुटायला वाट हवी. कौलारू घरातला माळा यासाठी फार नामी. टिळकवाडीतल्या फ्लॅटमध्ये कपाटाचा माथा रिकामा करून द्यावा. वर जागा आहे म्हटल्यावर ते पळत सुटत नाही, आणि ते पळालं नाही तर कुत्र्यालाही पाठलागाचं कारण उरत नाही.

ताटं मात्र वेगळीच हवीत. माणसासोबत राहून कुत्र्याला भाकरी पचवता येऊ लागली; २०१३ मधल्या एका जनुकीय अभ्यासात पिष्ट पचवणाऱ्या जनुकाच्या प्रती लांडग्यापेक्षा कुत्र्यात बऱ्याच जास्त आढळल्या. मांजर मांसाहारीच राहिलं. टॉरिन हे द्रव्य त्याला शरीरात पुरेसं तयार करता येत नाही, ते मांस-मासळीतूनच मिळावं लागतं. त्याच्या कमतरतेनं मांजराचं हृदय दुबळं होतं, हे १९८७ मध्ये दाखवलं गेलं. नुसत्या दूधभातावर ठेवलेल्या मांजराचे म्हणूनच हाल होतात. रविवारच्या मटणाच्या रश्श्यात भात कालवून दोघांना घालण्याची रीतही सोडावी: कांदा-लसूण दोघांच्याही तांबड्या पेशी फोडतो, मांजराच्या अधिक लवकर. मसाला पडायच्या आधीच त्यांच्या वाटणीचे तुकडे नुसत्या पाण्यात शिजवून बाजूला काढावेत.