इंजिन गेले, बॉनेट राहिले

डिसेंबर २०२४ मध्ये मायामीत जग्वारने ‘टाइप ००’ ही संकल्पना-कार लोकांपुढे आणली. गाडी पूर्णपणे विजेवर चालणारी. मागे काच नाही, पुढे इंजिनाला हवा पुरवणारी नेहमीची जाळी नाही, आणि तरीही बॉनेट इतके लांबलचक की त्याखाली बारा सिलिंडरांचे इंजिन सहज मावावे. त्या दिवसांत बहुतेकांनी वाद घातला तो गाडीच्या गुलाबी रंगावर आणि कंपनीच्या नव्या बोधचिन्हावर. मला त्या बॉनेटने जास्त विचारात पाडले. खाली इंजिनच नसेल तर एवढे बॉनेट कशासाठी? आलिशान इलेक्ट्रिक स्पोर्ट्स कारच्या रूपाचा सगळा इतिहास या एका प्रश्नाभोवती फिरतो.

गोष्ट सुरू होते १८९९ मध्ये. २९ एप्रिलला पॅरिसजवळच्या अशेर येथे कामीय जेनात्झी या बेल्जियन चालकाने विजेच्या गाडीतून ताशी १०० किलोमीटरचा टप्पा ओलांडला. वेगाची नोंद झाली १०५.८८ किलोमीटर. रस्त्यावरच्या कोणत्याही वाहनाने तोवर एवढा वेग गाठला नव्हता. गाडीचे नाव ‘ला जमे कोंतांत’, म्हणजे कधीच समाधान न पावणारी. हलक्या मिश्रधातूची, दोन्हीकडे निमुळती, पाणतीरासारखी तिची काया होती. हवा कापण्यासाठी मुद्दाम आकार दिलेल्या अगदी पहिल्या गाड्यांपैकी ती एक. पण तिचे छायाचित्र जरा निरखून पाहावे. त्या सुबक पाणतीराच्या पोटात बॅटऱ्या भरलेल्या आहेत आणि जेनात्झी मात्र वर, उघड्यावर, सगळी हवा छातीवर घेत बसला आहे. बॅटरीला जागा दिली की माणसाने बसायचे कुठे, हा पेच तेव्हाच पडला होता. आजच्या कोट्यवधींच्या गाड्यांमध्येही डिझायनर त्याच पेचाशी झुंजतात.

मधल्या काळात पेट्रोलने बाजी मारली आणि स्पोर्ट्स कारचे जे रूप आपल्या नजरेत बसले ते इंजिनाने घडवले. १९६१ ची जग्वार ई-टाइप घ्या. एका रांगेत सहा सिलिंडर असलेले ३.८ लिटरचे लांब इंजिन पुढे, म्हणून बॉनेट लांब आणि चालक थेट मागच्या चाकांपाशी. तिचा आकार आखणारा माल्कम सेयर विमान उद्योगातून आलेला होता. तिची वळणे त्याने गणिताने बांधली होती, तरी ती हाताने घडवल्यासारखी वाटतात. लांब बॉनेट म्हणजे ताकद आणि ऐपत, हे समीकरण अशा गाड्यांनी पक्के केले. मग १९६६ मध्ये लॅम्बोर्गिनी मिउरा आली आणि तिचे बारा सिलिंडरांचे इंजिन आसनांच्या मागे आडवे बसले. १९७१ च्या जिनिव्हा प्रदर्शनात काउंटाशचा पहिला नमुना दिसला: नाक जमिनीला टेकलेले, चालक पार पुढे सरकलेला, सगळी गाडी एखाद्या पाचरीसारखी. दोन्ही गाड्या बर्तोने या गाड्यांची रूपे आखणाऱ्या इटालियन कंपनीत मार्चेल्लो गांदिनीच्या हातून उतरल्या. लांब बॉनेट काय किंवा पाचर काय, दोन्ही रूपे देखणी आणि दोन्हींचे कारण एकच: इंजिन कुठे ठेवले ते.

विजेची मोटर छोटी असते. ती दोन चाकांच्या मध्ये, आसापाशी दडून राहते. त्यामुळे इंजिन गेले की डिझायनर मोकळा झाला, असे वारंवार लिहिले जाते. मला ते पटत नाही. इंजिन हा एक ठोकळा होता, तो पुढे-मागे सरकवता यायचा. बॅटरी शेकडो किलोंची असते आणि तिची सोयीची जागा म्हणजे गाडीचा तळ. वजन खाली राहते, तोल उत्तम सांभाळला जातो. पण तळाशी दहा-पंधरा सेंटिमीटरचा थर आला की आसन तेवढे वर जाते, आसनाबरोबर छप्पर वर जाते, आणि स्पोर्ट्स कारचा जमिनीला चिकटून बसण्याचा डौल हरवतो. गाडी टाचा उंचावून उभी असल्यासारखी दिसते. मग मोठाली चाके लावायची, दारांखालचा पट्टा काळा ठेवायचा, म्हणजे बाजूची जाडी नजरेला जाणवत नाही. पुढच्या जाळीविषयी कितीही चर्चा होवो, या गाड्यांच्या डिझाइनचा खरा प्रश्न बैठकीच्या उंचीचा आहे.

हे ओळखून केलेला एक फार हुशार प्रयत्न जनरल मोटर्सचा होता. १९९० मध्ये लॉस एंजेलिसच्या प्रदर्शनात त्यांनी ‘इम्पॅक्ट’ दाखवली आणि १९९६ पासून तीच ‘ईव्ही १’ म्हणून भाडेकरारावर ग्राहकांना दिली. दोन आसनी, थेंबासारखी, मागची चाके झाकलेली आणि पुढच्यांपेक्षा एकमेकांच्या जवळ आणलेली. हवा गाडीला किती अडवते ते मोजणारा रोधगुणांक केवळ ०.१९. पण मला महत्त्वाचे वाटते ते आतले: बॅटरी इंग्रजी टी अक्षरासारखी, उभा दांडा दोन आसनांच्या मधून आणि आडवा आसनांच्या मागे. बूड जमिनीजवळच राहिले. ही गाडी आलिशान नव्हती, पण त्या टी-आकाराकडे आपण परत येणार आहोत.

२००८ च्या टेस्ला रोडस्टरने वेगळी वाट धरली. लोटस एलिझ या पेट्रोल स्पोर्ट्स कारच्या धर्तीवरची चेसिस, म्हणजे खालचा सांगाडा, कार्बन फायबरचे शरीर, आणि आसनांमागे, जिथे एलिझचे इंजिन असे तिथे, ६,८३१ छोट्या सेलची सुमारे ४५० किलोंची बॅटरी. एलिझमध्ये शिरताना कसरत करावी लागे, म्हणून दाराखालचा उंबरा खाली घेतला. विजेची गाडी विचित्र दिसलीच पाहिजे, हा समज त्या गाडीने मोडला. त्यानंतर टेस्लाचीच २०१२ ची मॉडेल एस. डिझायनर फ्रान्झ फॉन होल्झहाउझेन यांनी तिच्या नाकावर काळा लंबगोल तुकडा बसवला होता, जाळी असल्याचा भास देणारा. २०१६ मध्ये तो काढून टाकला. दोन्ही निर्णय आपापल्या वेळी बरोबर होते असे मी म्हणेन. अनोळखी गाडीला आधी ओळखीचा चेहरा लागतो. बॅटरी मात्र सपाट तळाशी आणि उंची सुमारे १.४४ मीटर, म्हणजे मूळ प्रश्न तसाच.

त्याचे सगळ्यात मनापासून शोधलेले उत्तर पोर्शेचे. २०१५ मध्ये फ्रँकफर्टला ‘मिशन ई’ दिसली, २०१९ मध्ये तिची टायकान झाली. पोर्शेला एक गोष्ट वारशातच मिळाली होती: ९११ चे इंजिन पहिल्यापासून मागे, त्यामुळे तिच्या पुढच्या भागाला जाळीची गरजच नव्हती. चाकांवरचे उंचवटे वर आणि बॉनेट त्यांच्यामध्ये खाली, हा चेहरा विजेच्या गाडीला जसाच्या तसा शोभला. ज्या कंपन्यांची ओळखच पुढच्या जबड्यात होती त्यांना हे इतके सोपे गेले नाही. राहिला प्रश्न उंचीचा. चार माणसे बसवायची आणि छप्पर उतरतेही ठेवायचे, तर मागच्यांचे गुडघे हनुवटीला लागणार. पोर्शेने बॅटरीतच खाच पाडली. मागे बसणाऱ्याचे पाय जिथे येतात तिथे सेल ठेवलेच नाहीत. त्या खळग्याला ते ‘पायांचे गॅरेज’ म्हणतात. त्यामुळे आसन खाली गेले आणि गाडीची उंची १.३८ मीटरच्या आसपास थांबली. सेलची जागा, म्हणजे एका चार्जवरचा थोडा पल्ला, सोडून रेषा वाचवली. बाहेरून न दिसणारा एक खड्डा बाहेरची अख्खी रेषा ठरवतो, हे मला या सगळ्या इतिहासातले सर्वांत सुंदर उदाहरण वाटते.

हवेचेही हेच. वेग दुप्पट झाला की हवेचा अडथळा चौपट होतो. पेट्रोल गाडीत बरीच ऊर्जा उष्णतेतच वाया जाते, त्यामुळे हवेचा तोटा तितकासा डोळ्यांवर येत नाही. विजेच्या गाडीत तो थेट पल्ल्यातून वजा होतो. म्हणून दारांच्या मुठी आत दडल्या, चाकांची नक्षी बुजली. बॅटरीमुळे सपाट झालेला तळ मात्र हवेच्या दृष्टीने वरदान ठरला. टायकान टर्बोचा रोधगुणांक ०.२२ आहे.

किमतीच्या पार वरच्या टोकाला बॅटरी पुन्हा इंजिनाच्या जागी गेली. २०१९ च्या लोटस इव्हायात ती दोन आसनांच्या मागे आहे आणि मागच्या काचेतून तिचे झाकण दिसते, जसे पूर्वी इंजिन मिरवत तसे. तिच्या मागच्या भागातून हवेसाठी आरपार बोगदे काढले आहेत आणि त्यांच्या तोंडाभोवतीच मागचे दिवे गुंफले आहेत. क्रोएशियातील रिमाकच्या नेव्हेरात १२० किलोवॉट-तासांची बॅटरी एच अक्षराच्या आकाराची आहे. तिचे नाव एड्रियाटिक समुद्रावर अचानक उठणाऱ्या वादळावरून घेतलेले; खिडकीमागून खाली उतरणारी तिची वळणदार रेषा क्रोएशियन गळपट्ट्याची, म्हणजे आपल्या टायच्या पूर्वजाची आठवण करून देते. पिनिनफारिनाच्या बतिस्ताची विद्युतप्रणाली याच रिमाककडून येते. आतले यंत्र सारखेच, बाहेरचे रूप मात्र पूर्ण इटालियन, मऊ आणि शांत. इंजिनाचा आवाज वेगळेपण सांगेनासा झाल्यावर गाडीची ओळख किती प्रमाणात रेखाटनावर येऊन पडली आहे, ते या दोघींकडे शेजारी शेजारी पाहिले की कळते.

आणि तो टी-आकार मासेरातीने परत आणला. २०२३ मध्ये आलेल्या ग्रानतुरिस्मोचे एकच शरीर दोन्हींसाठी आहे, पेट्रोलच्या व्ही-६ इंजिनासाठी आणि ‘फोल्गोरे’ या विजेच्या आवृत्तीसाठी. बॅटरी आसनांखाली न पसरता मधल्या बोगद्यात आणि मागे अशी मांडली, म्हणून चार आसनांची ही गाडी सुमारे १.३५ मीटर उंचीतच बसते. मागे दोन मोटरी. पुढे, जिथे एरवी सहा सिलिंडर असतात, तिथे एक मोटर. आणि तिच्यावर तेच लांब बॉनेट.