डॅशबोर्डवरचा पिवळा 'ए' कुठून आला?

मे महिन्यातली दुपार. छत्रपती संभाजीनगरच्या जालना रोडवर सिग्नलला गाडी उभी, बाहेर ४२ अंश, एसी फुल्ल. शेजारचे काका घाबरून म्हणाले, "अरे, इंजिन आपोआप बंद व्हायचं, आता होईना. आणि तो गोल बाणातला 'ए' बघ, त्याच्यावर काट मारल्यासारखी रेघ आली. बिघडली का रे?"

बिघडली नव्हती. गाडी सिग्नलला थांबली की इंजिन आपोआप बंद करणारी आणि निघताना पुन्हा चालू करणारी 'स्टार्ट-स्टॉप' यंत्रणा असते, तो 'ए' तिचाच दिवा. इंजिन थांबलं की पट्ट्यावर चालणारा एसीचा कॉम्प्रेसरही थांबतो. आत गारवा टिकावा म्हणून गाडीनेच इंजिन चालू ठेवलं होतं.

ही सोय जन्मली ती तेलटंचाईतून. १९७३ साली अरब देशांनी तेल अडवलं, त्यानंतर त्याच दशकात जपानमध्ये टोयोटाने क्राउन गाडीत थांबल्यावर इंजिन बंद करणारी यंत्रणा बसवून पाहिली. पुढे फियाट आणि फोक्सवॅगननेही प्रयत्न केले, पण ग्राहकांना ते रुचलं नाही. २००४ मध्ये सिट्रोएनच्या सी-३ गाडीत ती पुन्हा आली. सगळीकडे पसरली मात्र युरोपच्या कायद्यामुळे. २००९ च्या नियमाने नव्या गाड्यांच्या सरासरी कार्बन डायऑक्साइडवर किलोमीटरला १३० ग्रॅमची मर्यादा घातली. हा आकडा मोजणाऱ्या त्या काळच्या तिथल्या चाचणीत जवळजवळ पाव वेळ गाडी नुसती उभी असायची. उभ्या गाडीचं इंजिन बंद ठेवलं की आकडा लगेच खाली यायचा. माझ्या मते या यंत्रणेच्या प्रसाराचं खरं कारण हेच.

आपल्याकडे २००८ च्या सुमारास महिंद्राच्या स्कॉर्पिओत 'मायक्रो हायब्रिड' नावाने ती दिसली, आणि २०१५ ला मारुतीच्या सियाझमध्ये.

आता दिव्याचं. कंपनीगणिक फरक असतो, पण साधारणपणे हिरवा 'ए' म्हणजे इंजिन मुद्दाम थांबवलंय. रेघ मारलेला किंवा फिका 'ए' म्हणजे अटी जुळल्या नाहीत: इंजिन थंड, सीटबेल्ट सुटलेला, एसीवर ताण, बॅटरीत चार्ज कमी. पिवळा दिवा बटण दाबून यंत्रणा बंद केल्यावरही लागतो. पण बटणाला हात न लावता तो लुकलुकत असेल किंवा सोबत संदेश येत असेल, तर तपासणी करून घ्याच.

आमच्या भागात घोटाळा होतो तो बॅटरीत. इंजिन बंद असताना दिवे, पंखा, गाणी सगळा भार तिच्यावर, आणि दिवसातून कितीतरी वेळा स्टार्टर फिरतो. म्हणून या गाड्यांना ईएफबी किंवा एजीएम जातीची, म्हणजे हा जादा ताण सोसणारी बॅटरी लागते. त्यात मराठवाड्याचं ऊन. उष्णतेने बॅटरी आतून लवकर झिजते.

लातूरच्या माझ्या मावसभावाने स्वस्त पडते म्हणून साधी बॅटरी टाकली. दोन महिन्यांत पिवळा 'ए' हटेना. वायरमनने बोनेट उघडून बॅटरीच्या निगेटिव्ह टोकावरची छोटी काळी डबी दाखवली. "दादा, हा सेन्सर. बॅटरीत किती दम आहे ते हाच गाडीला सांगतो." ईएफबी बसवली, नव्या बॅटरीची नोंद गाडीच्या संगणकात केली, आणि सेन्सरला अंदाज यावा म्हणून गाडी रात्रभर तशीच उभी ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी औसा रोडच्या सिग्नलवर हिरवा 'ए' लागला, इंजिन शांत झालं.