खान्देशात बासरी का तडकते आणि दुरुस्त कशी होते

जळगाव-भुसावळकडे एप्रिल-मे मध्ये पारा ४५ च्या आसपास गेला की बासरीवाल्यांकडून एक वाक्य हमखास ऐकू येतं, "फाटी गई ना भो!" आणि मग शिव्या कोणाला, तर बांबूला नाहीतर विकणाऱ्याला. बहुतेक वेळा दोष दोघांचाही नसतो. आपल्या सातपुड्यात बांबू आहे की, पण तो मानवेल, जाड भिंतीचा, जवळजवळ भरीव. बासरीला पातळ भिंतीचा लांब पेराचा बांबू लागतो, तो येतो आसामकडून, म्हणजे बारा महिने दमट हवेतून थेट आपल्या फुफाट्यात.

बांबू कापून वाळवला तरी हवेतलं बाष्प घेणं-सोडणं चालूच ठेवतो. हवेतली आर्द्रता ८५ टक्के असताना (आपला ऑगस्ट) लाकूड काय बांबू काय, स्वतःच्या सुक्या वजनाच्या साधारण १६ ते १८ टक्के पाणी धरून बसतं, आणि मे च्या दुपारी आर्द्रता २० टक्क्यांवर उतरली की राहतं ४-५ टक्के. पाणी गेलं की बांबू आकसतो, पण लांबीला जवळजवळ नाहीच, आकसतो तो घेराला, कारण तंतू सगळे उभे. म्हणून चीर कायम लांबीने जाते. त्यात बाहेरची साल घट्ट, तंतूंनी ठासून भरलेली, आतला भाग भुसभुशीत. वाजवताना आत जाते ती तोंडातली गरम, बाष्पाने भरलेली हवा, आतलं अंग फुगतं आणि बाहेरून लू सालीला सुकवत असते, दोन-तीन मिलिमीटरच्या भिंतीत एवढी ओढाताण. वर आपण रियाज करणार कूलरसमोर दमट हवेत आणि मग तीच बासरी उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत टाकून क्लासला जाणार. तडकणार नाही तर काय.

आता चीर केसाएवढी असली तरी आवाज का जातो, हा भाग मला सगळ्यात भारी वाटतो. बासरी म्हणजे दोन्हीकडून उघडी नळी (बुचाकडचं टोक बंद असलं तरी फुंकायचं भोक उघडंच असतं ना). सहाही भोकं बंद केली की मंद्र पंचम (खालच्या सप्तकातला प) लागतो, तेव्हा हवेच्या दाबाचा चढउतार सगळ्यात जास्त असतो नळीच्या मध्यावर आणि टोकांना जवळपास नसतोच. चीर मध्याजवळ असली की दाब तिथूनच निसटतो, मंद्र पंचम फुसका येतो किंवा सरळ उडी मारून वरच्या सप्तकात जातो. वरच्या सप्तकाच्या कंपनात मध्यावर दाब बदलतच नाही, मग चिरेतून निसटणार काय! म्हणून "वरचे स्वर मस्त, खालचे गेले" अशी तक्रार आली की जाणता कारागीर आधी नळी बघतो, वाजवणाऱ्याची फुंक नंतर. अंधाऱ्या खोलीत नळीत टॉर्च सोडला की चीर उजेडाची रेघ होऊन दिसते.

बारीक चिरेत फेविक्विकसारखा पातळ गोंद सोडतात, तो केशाकर्षणाने आपोआप आत ओढला जातो. रुंद चीर असेल तर आधी बांबूचाच भुसा दाबून भरायचा, मग गोंद. हा गोंद सुकत नाही, हवेतल्या ओलाव्याशी रिअॅक्शन होऊन घट्ट होतो, म्हणून आपल्याकडे मे महिन्यात उलट जास्त वेळ घेतो, घाई करून बोटाने चाचपू नका. नंतर दोऱ्याचे घट्ट वेढे, कारण घेराच्या दिशेचा ताण धरायला बांबूकडे स्वतःचे तंतूच नाहीत, ते काम दोरा करतो. नायलॉनचा घ्या. सुती दोऱ्यावर हा गोंद ओतला तर तो इतका तापतो की धूर निघू शकतो, गंमत नाही. आणि माझ्या मते दोरा सुक्या दिवसांतच बांधावा, पावसाळ्यात बांबू फुगला की वेढे अजून आवळले जातात. जुलैत बांधलेला दोरा मार्चमध्ये सैल पडून सरकतो.

एक गोष्ट मात्र दुरुस्तीला नेऊच नये, ती म्हणजे उन्हाळ्यात चढलेला सूर. २५ अंशाला हवेत आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ३४६ मीटर, ४३ अंशाला ३५६ च्या वर. नुसत्या हवेचा हिशोब केला तर पेटीच्या शेजारच्या काळी-पांढरी पट्ट्यांतलं निम्मं अंतर सूर चढतो, मोबाईलवरचा तानपुरा तिथेच राहतो, आणि लोक भोकात मेण भरून सूर उतरवायला सांगतात. मग डिसेंबरच्या थंडीत तीच बासरी खाली बोलते. सकाळी गार वेळी थोडी वाजवून गरम झाली की मगच सूर तपासा.

तेलाचं म्हणाल तर ते ओलावा थांबवत नाही, त्याची ये-जा फक्त हळू करतं, तेवढंही पुरतं. मोहरीचं तेल बरेच जण लावतात. जवसाचं हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं आणि छान थर देतं, पण त्या रिअॅक्शनमध्ये उष्णता निघते, त्यामुळे जवसाच्या तेलाचं फडकं बोळा करून कोपऱ्यात टाकलं तर आपोआप पेट घेऊ शकतं, आपल्याकडच्या उन्हाळ्यात तर जास्तच. पाण्यात बुडवून मगच फेका.