हेडफोन, तारयुक्त व बिनतारी

हेडफोन, तारयुक्त व बिनतारी : विद्युत् संकेताचा ध्वनी करून तो थेट कानाशी पोचविणारे साधन. तारयुक्त प्रकारात संकेत तांब्याच्या तारेतून येतो आणि त्याला लागणारी शक्ती फोन किंवा विवर्धक (अँप्लिफायर) पुरवतो. बिनतारी प्रकारात तो रेडिओ तरंगांवरून अंकीय रूपात येतो. म्हणून ग्राही (रिसीव्हर), विवर्धक आणि विद्युत् घट (बॅटरी) हे सगळे कानापाशीच ठेवावे लागते. सुट्या बिनतारी जोडीला बोलीत नुसते ‘बड्स’ आणि मानेभोवतीच्या पट्ट्याला ‘नेकबँड’ म्हणतात. नेकबँडला तार असतेच, फक्त ती फोनपर्यंत जात नाही.

उगम : पहिला हेडफोन कोणाचा यावर एकमत नाही आणि मतभेदाचे मूळ बरेचसे व्याख्येत आहे. १८८० च्या दशकात एझ्रा गिलिलंड यांनी टेलिफोन केंद्रातील चालकांसाठी केलेले साधन हे आद्य मानणारे आहेत. पण ते एकाच कानाचे होते व त्याचा भार खांद्यावर पेलावा लागे. फ्रेंच अभियंते अर्नेस्ट मर्कादिए यांच्या ‘द्वि-टेलिफोन’ला १८९१ मध्ये अमेरिकी एकस्व (पेटंट) मिळाले. हे सुमारे ५० ग्रॅमचे साधन दोन्ही कानांत घालायचे असून त्याच्या टोकांना रबराचे आवरण होते. कानाला घर्षण कमी व्हावे आणि बाहेरचा आवाज बंद व्हावा, ही त्यामागची दोन्ही कारणे आजच्या सिलिकॉनच्या टोप्यांनाही जशीच्या तशी लागू आहेत. सर्वसाधारणपणे श्रेय दिले जाते ते यूटा राज्यातील नॅथॅनिएल बॉल्डविन यांना. त्यांनी १९१० च्या सुमारास घरच्या स्वयंपाकघरात तयार केलेली जोडी अमेरिकी नौदलाने स्वीकारली. डोक्यावरचा पट्टा आणि दोन कानांना दोन ग्राही ही आजची ठेवण त्यांच्या साधनात स्पष्ट दिसते. असे असले, तरी केवळ डोक्यावर बसते म्हणून बॉल्डविन यांना पहिले म्हणायचे आणि कानात बसते म्हणून मर्कादिए यांना वगळायचे, हे आजच्या वापराकडे पाहता फारसे पटण्यासारखे नाही.

यानंतरचा क्रम कमी वादाचा आहे. चलवेटोळ्याचा, म्हणजे चुंबकाजवळ हलणाऱ्या तारेच्या वेटोळ्याने पडदा कंपित करणारा, हेडफोन बर्लिनच्या बायर कंपनीने १९३७ मध्ये आणला. जॉन कॉस यांनी १९५८ मध्ये मिलवॉकी येथे स्टिरिओ संगीतासाठी हेडफोन विकायला काढला. जर्मनीच्या सेनहायझर कंपनीने १९६८ मध्ये मागून उघडा असणारा प्रकार रूढ केला, तर १९७९ च्या वॉकमनबरोबर हलका हेडफोन रस्त्यावर आला. तारेच्या टोकाचा प्लग मात्र या सर्वांहून जुना आहे. ६.३५ मिमी. जाडीचा प्लग एकोणिसाव्या शतकातील टेलिफोन केंद्रांच्या फळ्यांवरून आला व ३.५ मिमी. हे त्याचेच लहान रूप होय.

बिनतारी प्रेषण : रेडिओ किंवा अवरक्त किरणांवर चालणारे घरगुती हेडफोन ब्ल्यूटूथच्या पुष्कळ आधी होते, दूरचित्रवाणीसाठी ते वापरले जात. आज मात्र बिनतारी म्हणजे ब्ल्यूटूथ असेच समीकरण झाले आहे. या तंत्राचे काम स्वीडनमधील एरिक्सन कंपनीत १९९४ च्या सुमारास सुरू झाले. अभिजात (मूळ प्रकारचे, क्लासिक) ब्ल्यूटूथ २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात, १ मेगाहर्ट्‌झ रुंदीच्या ७९ मार्गिकांवर, सेकंदाला १,६०० वेळा उड्या मारत चालते. याच पट्ट्यात वायफाय असते. गर्दीच्या ठिकाणी आवाज तुटतो त्याचे हे एक कारण. दुसरे कारण शरीर. पाणी या तरंगांना शोषते, त्यामुळे फोन मागच्या खिशात असला की एका कानातला आवाज अडखळू शकतो.

ध्वनीच्या दर्जाचा वाद बहुधा माहितीच्या वेगावर येऊन थांबतो. सीडीवरील संगीताला सेकंदाला १,४११ किलोबिट लागतात (सेकंदाला ध्वनीचे ४४,१०० नमुने, प्रत्येकी १६ बिट, दोन वाहिन्या). ब्ल्यूटूथच्या सर्व हेडफोनांत असणाऱ्या एसबीसी या सांकेतनाचा (ध्वनीची माहिती दाबून पाठविण्याच्या पद्धतीचा) नेहमीचा वरचा वेग ३२८ किलोबिट, म्हणजे सव्वाचार पटींहून थोडा अधिक संक्षेप. सोनीचे एलडॅक हे सांकेतन ३३०, ६६० किंवा ९९० किलोबिट वापरते. वरचा वेग जोड भक्कम असेल तरच टिकतो. शिवाय इंटरनेटवरून ऐकलेले गाणे बहुधा आधीच संक्षिप्त असते. ते फोनमध्ये उलगडले जाते आणि ब्ल्यूटूथसाठी पुन्हा दाबले जाते. तानपुऱ्याची जवार किंवा झांजेचा विरत जाणारा नाद अशा ठिकाणी या दुहेरी दाबाचा परिणाम शोधावा.

तथापि केवळ या आकड्यांवरून तारेला झुकते माप देणे योग्य ठरत नाही. हेडफोनच्या आवाजाचा स्वभाव मुख्यतः त्याच्या कंप्रता-प्रतिसादावर, म्हणजे खर्ज, मध्य व तार स्वर किती प्रमाणात उमटतात यावर ठरतो. तारयुक्त साधनात हा प्रतिसाद पडदा आणि कवच यांनी बांधलेला असतो, त्यात विवर्धकाशी जुळण्याचाही प्रश्न येतो. ३०० ओहम संरोधाचा (विद्युत् प्रवाहाला होणाऱ्या विरोधाचा, इंपिडन्सचा) हेडफोन साध्या फोनला लावला, तर आवाज पुरेसा उठत नाही. अनेक पडद्यांच्या इअरफोनात विवर्धकाचा स्वतःचा संरोध जास्त असेल, तर स्वरांचे प्रमाणच बदलते. बिनतारी साधनात विवर्धक त्याच पडद्यासाठी निवडलेला असतो आणि प्रतिसाद संगणकीय गाळणीने सुधारता येतो. ध्वनिसंशोधक जेरून ब्रेबार्ट यांनी २०१७ मध्ये २८३ हेडफोनांची मोजणी प्रसिद्ध केली. तीत किंमत आणि कंप्रता-प्रतिसाद यांचा संबंध आढळला नाही. त्यामुळे फरक तारेपेक्षा जुळवणीत शोधणारे मत अधिक ग्राह्य वाटते.

तारेचे निर्विवाद श्रेष्ठत्व दोन बाबतींत आहे. पहिली विलंबाची. ब्ल्यूटूथवर आवाज साधारण १०० ते ३०० मिलिसेकंद उशिरा पोचतो. चित्रापेक्षा आवाज सुमारे १२५ मिलिसेकंद मागे पडला की तो जाणवू लागतो, असे आंतरराष्ट्रीय प्रसारण मानकात धरले आहे. चित्रपट दाखविणारी प्रणाली चित्रच तेवढे थांबवून हे झाकते. व्हिडिओ खेळात किंवा फोनच्या पडद्यावरची पेटी वाजवताना तसे करता येत नाही. ध्वनिमुद्रणाच्या खोलीत गायक एक कान उघडा ठेवून तारेचाच हेडफोन लावतो, त्यामागे हेही कारण आहे. दुसरी बाब बोलण्याची. अभिजात ब्ल्यूटूथवर मायक्रोफोन चालू होताच जोड संगीताच्या पद्धतीवरून दूरध्वनीच्या पद्धतीवर जाते आणि नमुने सेकंदाला ८,००० किंवा १६,००० वर उतरतात. बैठकीत शिरल्याबरोबर चांगला आवाज एकदम डब्यातून आल्यासारखा होतो तो यामुळे. ब्ल्यूटूथ ५.२ बरोबर २०२० मध्ये आलेल्या नव्या ध्वनिपद्धतीत हा दोष कमी होतो. त्यासाठी दोन्ही टोकांची साधने तशी हवीत.

सुखावहता : बिनतारी बड्सचे वजन एका कानाला ४–६ ग्रॅम, तर कान झाकणाऱ्या बिनतारी हेडफोनचे साधारण २५०–४०० ग्रॅम असते. कान झाकणाऱ्या प्रकारात पट्ट्याचा दाब आणि गादीखालची उष्णता त्रास देतात; मुंबईच्या दमट हवेत कृत्रिम चामड्याची गादी फार वेळ सोसत नाही. चष्म्याची काडी गादीखाली आली की फट पडते आणि प्रथम खर्ज गळतो. कानाच्या नळीत बसणाऱ्या प्रकारात स्वतःचेच चावणे व पावलांचा धपधप आवाज मोठा ऐकू येतो. तारयुक्त इअरफोनमध्ये त्यात तारेचे घासणे मिळते. शर्टाच्या गुंडीवरून तार सरकली तरी कानात खरखर होते. तार कानामागून वळवून घेतली, तर खरखर बरीच कमी होते.

गोंगाट-निवारणासाठी, म्हणजे बाहेरचा आवाज टिपून त्याच्या उलट तरंगाने तो पुसण्यासाठी, मायक्रोफोन, विवर्धक व घट लागतातच, म्हणून ते बिनतारी साधनांत सहज सामावले. बोस कंपनीचे संस्थापक अमर बोस यांना ही कल्पना १९७८ मध्ये विमानप्रवासात सुचली, असे सांगितले जाते; त्यामागील तत्त्वाचे जर्मनीच्या पॉल लुएग यांचे एकस्व मात्र १९३० च्या दशकातील आहे. ही युक्ती इंजिनाच्या घरघरीवर चालते, माणसाच्या बोलण्यावर कमी. घरघर गेली की आवाज वाढविण्याची गरज राहत नाही, हा तिचा अप्रत्यक्ष फायदा होय. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मानकानुसार प्रौढांसाठी ८० डेसिबेलची मर्यादा आठवड्याला ४० तास आहे. ८३ डेसिबेलला ती २० तासांवर येते.

आयुष्य : तारयुक्त हेडफोन बहुधा प्लगच्या मुळाशी तुटतो. एक कान बंद पडतो, तार विशिष्ट कोनात धरली की पुन्हा चालू होतो. नवा प्लग झाळला की काम भागते. बिनतारी बड्समधील लिथियम घट वापराने क्षीण होतो आणि कवच चिकटवलेले असल्यामुळे तो बदलणे सहसा शक्य नसते.